टेम्सच्या गाळातली साधी सुरी

चिलखत उसने मिळते, तंबू पाचजणांत एक पुरतो, शिरस्त्राण पुढच्या वर्षी घेऊ म्हणता येते. जेवायला बसल्यावर मात्र ज्याची सुरी त्याची. मध्ययुगीन युरोपचे री-एनॅक्टमेंट करणारे लोक त्या काळचे कपडे घालून, त्या काळासारखे राहून-जेवून तो काळ प्रेक्षकांपुढे उभा करतात. त्यांच्यात नव्याने आलेल्या माणसाची पहिली खरेदी बहुधा हीच असते: कमरेच्या पट्ट्याला लटकणारी, जेवायची एक छोटी सुरी. पहिली चूकही बहुधा इथेच होते.

या चुकीचा संबंध पैशाशी कमी आणि कल्पनेशी जास्त असतो. 'मध्ययुगीन' म्हटले की डोळ्यांपुढे काहीतरी रांगडे, काळेकभिन्न, हातोड्याचे घाव मिरवणारे येते. बाजार तेच बनवतो आणि चढ्या भावाने विकतो. खरी सुरी याच्या अगदी उलट होती: लहान, पातळ, नीट घासलेली, हलकी आणि तिच्या काळात कोणालाही परवडणारी. म्हणून या विषयाचा आढावा घेताना मला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. इथे स्वस्त आणि खरे यांचे वैर नाही. साधेपणा ओळखता आला तर दोन्ही एकाच वेळी हाती लागतात.

एवढ्याशा सुरीचे एवढे काय?

या छंदाचा पसारा मोठा आहे. अमेरिकेतील 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम' १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कलीमध्ये सुरू झाली. इंग्लंडमध्ये ट्यूक्सबरीला १४७१ची लढाई आणि पोलंडमध्ये ग्रुनवाल्डला १४१०ची लढाई दर उन्हाळ्यात पुन्हा उभी राहते. अशा मेळाव्यांत लढाई तासा-दोन तासांची असते आणि प्रेक्षक ती दोरीपलीकडून पाहतात. छावणीतले जेवण मात्र ते हातभर अंतरावरून पाहतात. लहान मूल टेबलाला टेकून उभे राहते आणि विचारते, 'हे काय? काटा कुठे आहे?' त्या क्षणी सबंध मध्ययुग त्या सुरीत आलेले असते. दुरून खपून जाणारे चिलखत आणि हातात घेऊन पाहिली जाणारी सुरी यांना एकच माप लावून चालत नाही.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे की मध्ययुगीन इंग्लंडच्या टेबलावर जेवणाचा काटा नव्हता. सुरी, चमचा आणि बोटे एवढाच सरंजाम. हाताने जेवणाऱ्या आपल्या माणसांना ही पंगत परकी वाटू नये. सुरीने मांस कापायचे, बोटांनी उचलायचे, रस्सा चमच्याने प्यायचा, आणि ताटाच्या जागी शिळ्या पावाचा जाड काप. इटलीत काटा रुळला होता. टॉमस कोर्याट या इंग्रज प्रवाशाने १६११ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याचे नवल सांगितले. सगळ्यांची बोटे सारखी स्वच्छ नसतात, म्हणून इटालियन माणूस काटा वापरतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते. हाच कोर्याट पुढे पायी चालत हिंदुस्थानात आला, अजमेरला जहांगीर बादशहाच्या दरबारापर्यंत पोचला आणि १६१७ साली सुरतेत वारला. काट्याचे कौतुक करणारा हा माणूस अखेरच्या वर्षांत हाताने जेवणाऱ्या मुलखात वावरला, ही गोष्ट मनात राहते.

काटा नाही म्हणून सुरीला टोक हवे. त्या टोकाने मांसाचा तुकडा टोचून घ्यायचा, आणि मिठाच्या भांड्यात बोटे किंवा घास न बुडवता पुसलेल्या सुरीच्या टोकावर मीठ घ्यायचे. पंधराव्या शतकातील शिष्टाचाराच्या पुस्तकांत हे बारकाईने सांगितले आहे. सुरीने दात कोरू नयेत, अशी ताकीदही त्यांत आहे. उमरावाच्या घरी दिवाणखान्याची व्यवस्था पाहणाऱ्या जॉन रसेलच्या पुस्तकात मांस कापताना सुरी दोन बोटे आणि अंगठा यांतच धरावी असे बजावले आहे. मुठीत आवळून धरायची ती वस्तूच नव्हती. एवढे कळले की बाजारातल्या निम्म्या जाडजूड मुठी आपोआप बाद होतात.

पुरावा कुठे आहे?

या प्रश्नात आपण भाग्यवान आहोत. जमिनीत पुरलेल्या सुरीचे लाकूड आणि चामडे कुजून जाते, गंजलेले पाते तेवढे उरते. समुद्रात याच्या उलट घडू शकते. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली वर काढलेल्या 'मेरी रोझ' या जहाजावर लाकडी मुठी टिकल्या, लोखंड मात्र खाऱ्या पाण्याने खाल्ले. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी दोन्ही टिकले. मध्ययुगात तिथले लोक नदीत लाकडी भिंत घालायचे, तिच्या मागे शहराचा कचरा भरायचे आणि नवी जमीन तयार करायचे. त्या ओल्या, हवाबंद गाळात पाती, मुठी आणि चामडी म्याने शतकानुशतके शाबूत राहिली. भिंतींच्या लाकडातील वर्षवलये मोजून आणि सोबत सापडलेली नाणी पाहून त्या कचऱ्याचा काळही बराच नेमका ठरवता आला.

या उत्खननांतील सुऱ्या आणि म्यानांचा ग्रंथ 'नाइव्ज अँड स्कॅबर्ड्स' १९८७ साली लंडनच्या संग्रहालयाने प्रसिद्ध केला. कावगिल, डी नीरगार्ड आणि ग्रिफिथ्स हे त्याचे कर्ते. त्यात सुमारे तीनशे सुऱ्यांची मापे आणि रेखाचित्रे आहेत, जोडीला म्यानांची चित्रे आहेत. या छंदात पैसे खर्च करायचे तर पहिला खर्च या पुस्तकावर करावा असे माझे मत आहे. ग्रंथालयातून मिळाले तर तेवढेही लागत नाहीत. त्याआधीच्या, व्हायकिंग काळासाठी यॉर्क शहरातील कॉपरगेटच्या उत्खननाचा लोखंडी वस्तूंवरचा ग्रंथ आहे, पॅट्रिक ऑटवे यांचा, १९९२चा. सामान्य लोकांना शेतात सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी इंग्लंड आणि वेल्समधील 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' १९९७ पासून चालू आहे. तिच्या नोंदी छायाचित्रांसह कोणालाही फुकट पाहता येतात.

चित्रेही बोलतात. ब्रिटिश लायब्ररीतील लट्रेल सॉल्टर ही चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली हस्तलिखित पोथी. तिच्यात सर जेफ्री लट्रेल यांची पंगत रंगवली आहे आणि टेबलावर सुऱ्या स्पष्ट दिसतात. सुरी टेबलावर कशी ठेवत, हातात कशी धरत, हे शिकायला चित्रांइतका चांगला गुरू नाही.

वस्तुसंग्रहालयातल्या सुरीकडे पाहताना मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. पहिली, तिचा काळा खडबडीतपणा हा गंजाचा आहे. नवी असताना ती घासून-पुसून चकचकीत केलेली होती. आज विकली जाणारी काळी, ओबडधोबड पाती पाहिली की वाटते, लोकांनी सुरीची नक्कल करायची ती गंजाची केली. दुसरी गोष्ट आकाराची. कचऱ्यात गेलेल्या बऱ्याच सुऱ्या आयुष्यभर धार लावून झिजलेल्या आहेत. त्यांचे अरुंद, मध्ये खचलेले पाते हे म्हातारपणाचे रूप आहे. तरुणपणी ते पाते भरलेले, रुंद होते.

कोणत्या काळाला कोणती सुरी

सगळ्या वर्गीकरणाचे मूळ एका तपशिलात आहे: पाते मुठीत कसे बसवले आहे. पात्याचा मुठीत जाणारा भाग, त्याला आपण देठ म्हणू. हा देठ दोन प्रकारचा असतो. एक निमुळता, टोकदार, एकसंध लाकडी किंवा शिंगाच्या मुठीत आत घुसवलेला. आपल्याकडे विळ्या-कोयत्याची मूठ अशीच ठोकतात. दुसरा सपाट आणि रुंद, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या किंवा हाडाच्या पट्ट्या रिव्हेटांनी ठोकलेल्या. आजच्या स्वयंपाकघरातल्या बऱ्याच सुऱ्या या दुसऱ्या प्रकारच्या.

नवव्या ते अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे सॅक्सन आणि व्हायकिंग काळात, निमुळता देठच दिसतो. पात्याची पाठ बरेचदा टोकाजवळ कोनात खाली वळते. बाराव्या शतकापासून चौदाव्याच्या मध्यापर्यंतही निमुळता देठच. पाठ सरळ किंवा किंचित वाकलेली आणि पाते टोकाकडे हळूहळू निमुळते होत गेलेले. चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर लंडनमध्ये सपाट देठाच्या सुऱ्या येऊ लागतात आणि पंधराव्या शतकात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. या नव्या प्रकारात तांब्याच्या मिश्रधातूचे रिव्हेट दिसतात. ते कधी पत्र्याची नळी वळून केलेले असतात. मुठीच्या टोकाला कधी छोटी टोपी असते. पाते आणि मूठ यांच्या सांध्यावरची जाड पोलादी कड, जी आपल्याला सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या जुन्या टेबल-सुरीवर दिसते, ती सोळाव्या शतकाच्या मध्याची. मध्ययुगीन सुरीला ती नाही.

म्हणजे ज्याला आपला काळ अजून ठरवता आलेला नाही, त्याच्यासाठी उत्तर सोपे आहे. निमुळत्या देठाची, सरळ पाठीची, साध्या लाकडी मुठीची सुरी बाराव्यापासून पंधराव्या शतकापर्यंत कुठेही शोभते. हाच प्रकार सर्वांत स्वस्तही आहे.

बाकीच्या खुणा सगळ्या काळांना सारख्या लागू पडतात. पाते साधारण बोटभर ते वीतभर यांच्या दरम्यानचे, पाठीकडे जाड आणि धारेकडे सरळ उतरत जाणारे, म्हणजे आडवा छेद घेतला तर लांबट त्रिकोण दिसेल असे. मूठ पात्याच्याच रुंदीची, बारीक, हाताला रोखणारी आडवी पट्टी नसलेली. लाकूड घट्ट पोताचे: बॉक्सवूड, मेपल, फळझाडांची लाकडे. नाहीतर हाड आणि शिंग. काही पात्यांवर कारागिराचा ठसा असतो, कधी त्यात तांब्या-पितळेचे जडावकामही.

आतले लोखंडकाम तर कौतुकाचे आहे. पोलाद महाग होते म्हणून सबंध पाते पोलादाचे नसायचे. लोखंडाच्या पाठीला पोलादाची धार तापवून जोडायची किंवा पोलादाची पट्टी लोखंडाच्या दोन थरांमध्ये घ्यायची, आणि मग पाणी पाजून धार कडक करायची. काटकसर करून उत्तम वस्तू घडवण्याची ही रीत होती. आज सबंध कार्बन पोलादाचे पाते तिच्यापेक्षा स्वस्त पडते आणि बाहेरून तसेच दिसते, म्हणून बहुतेक जण ते मान्य करतात. मलाही ते रास्त वाटते.

पैसा कुठे दिसायचा

त्या काळी सुरीवरून माणसाची पायरी कळत असे. १३६३ सालच्या इंग्लंडच्या पोशाखविषयक कायद्यात कारागीर आणि छोट्या शेतकरी वर्गाने सोन्या-चांदीची जी आभूषणे वापरू नयेत, त्यांच्या यादीत पट्टा, अंगठी, बटण यांच्यासोबत सुरीही होती. कायदा फार टिकला नाही, पण सुरी मिरवली जात होती हे त्यातून कळते. पुढे कवी चॉसरने 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत लंडनच्या सुखवस्तू कारागिरांचे वर्णन करताना त्यांच्या सुऱ्यांच्या साजात पितळेऐवजी चांदी होती, याची आवर्जून नोंद घेतली. पितळ ही सामान्यांची गोष्ट होती, एवढेही त्यातून समजते. त्याच ग्रंथात एका गिरणीवाल्याकडे शेफील्डची सुरी आहे. शेफील्डचे नाव तेव्हाच झाले होते.

यातला आजचा धडा सरळ आहे. तुम्ही शेतकरी, तिरंदाज किंवा शिवणकाम करणारी बाई उभी करत असाल तर साज नसलेली सुरीच खरी. चांदीचा मुलामा आणि कोरीव मूठ यांवर खर्च केला तर भूमिकाच खोटी पडते.

बाजारात काय टाळावे

आधी पोलाद. स्टेनलेस स्टील हॅरी ब्रियरलीने शेफील्डमध्ये १९१३ साली शोधले. त्याची निळसर, कायम टिकणारी चकाकी ओळखू येते. कार्बन पोलाद वापराने करडे होत जाते, सफरचंद कापले की काळवंडते, आणि त्या बदलत्या रंगातच त्याचे खरेपण आहे.

दुसरी गोष्ट, पीळ घातलेली लोखंडी मूठ, शेवटी कडी वळवलेली. 'व्हायकिंग' किंवा 'मध्ययुगीन' म्हणून ती सर्रास विकली जाते. लोहाराला ती एकाच सळईतून पटकन घडवता येते, म्हणून ती बाजारात आहे. मध्ययुगीन इंग्लंडमधील सामान्य सुरीचा तो नमुना नव्हे. तिसरी, सालीसकट ठेवलेल्या सांबरशिंगाची जाडजूड मूठ, जी आधुनिक शिकारी सुरीची आठवण करून देते. चौथी, ॲसिडने नक्षी उठवलेले 'दमास्कस' पाते. थर वळवून नक्षी उमटवलेली पाती मध्ययुगाच्या पूर्वार्धात होती, लंडनच्या गाळातही मोजकी आहेत, पण आज विकल्या जाणाऱ्या पात्यांची भडक नक्षी त्यांच्यासारखी नाही. पाचवी चूक वस्तूच्या जातीची: जेवणाची सुरी समजून खंजीर घेणे. खंजीर हे हत्यार आहे, त्याची जागा कमरेला वेगळी आहे, आणि टेबलावर तो काढून बसणे तेव्हाही शोभले नसते.

इथे भारताचा खरा संबंध येतो. जगभरच्या री-एनॅक्टमेंटच्या बाजारात तलवारी, शिरस्त्राणे आणि सुऱ्या मोठ्या प्रमाणावर भारतातून जातात. देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स हे त्यातले जुने आणि नावाजलेले नाव आहे. पाकिस्तानातील वजिराबाद हेही सुऱ्या-चाकूंचे मोठे केंद्र आहे. उपखंडातून जाणाऱ्या स्वस्त सुऱ्यांपैकी पुष्कळांना गडद शिसवी मूठ असते, जी इंग्लंडच्या शेतकऱ्याच्या हाती कधी आली नसती. पाते जाड असते, घाट काल्पनिक असतो. याचा दोष मी कारागिराला देणार नाही. त्याच्या हाती जो नमुना पडला तोच त्याने घडवला. लंडनच्या गाळातल्या सुरीचे अचूक रेखाचित्र आणि फिकट, घट्ट लाकडाची मागणी त्याच्यापर्यंत पोचली तर तोच हात तितक्याच किमतीत खरी सुरी देईल. मागणी करणाऱ्याने आधी शिकले पाहिजे.

परवडणाऱ्या चार वाटा

पहिली वाट तयार सुरीची. इंग्लंडमध्ये लिओ टोडेशिनी यांनी 'टॉड्स वर्कशॉप'मध्ये मूळ वस्तूंचा अभ्यास करून शस्त्रे आणि सुऱ्या घडवल्या आणि 'टॉड कटलर' या नावाखाली परवडणाऱ्या सुऱ्यांची वेगळी मालिका आणली. युरोपात असे अभ्यासू कारागीर आता बरेच आहेत आणि री-एनॅक्टरांच्या बाजारात ते भेटतात. अशा साध्या, बऱ्यापैकी अचूक सुरीला ब्रिटनमध्ये ढोबळमानाने २५ ते ६० पौंड पडतात. स्वतंत्रपणे घडवून घेतलेली, लोखंडावर पोलादी धार जोडलेली सुरी सहज शंभर पौंडांच्या पुढे जाते. बाजारात प्रत्यक्ष जाऊन सुरी दोन बोटे आणि अंगठ्यात धरून पाहावी. जड वाटली तर परत ठेवावी.

दुसरी वाट जुन्या मालाची. छंद सोडणारे, काळ बदलणारे, वर्षभरात दोन पायऱ्या वर चढणारे लोक आपली पहिली सुरी विकतात. मंडळातल्या जुन्या माणसाला विचारले तर बहुधा एखादी सुरी नुसती पडून असते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाची खरेदी हीच, कारण ती सुरी आधीच कोणाच्या तरी नजरेखालून गेलेली असते.

तिसरी वाट रूपांतराची. कार्बन पोलादाची स्वयंपाकाची सुरी अजून मिळते. अमेरिकेत 'ओल्ड हिकरी' नावाच्या सुऱ्यांना सपाट देठ आणि लाकडी पट्ट्या असतात. पंधराव्या शतकासाठी त्यांची जाड मूठ कानशीने उतरवून, नाहीतर काढून नव्या पट्ट्या ठोकून चांगले काम होते. युरोपात जुन्या सामानाच्या दुकानात फ्रेंच आणि शेफील्डच्या कार्बन पोलादी सुऱ्या थोडक्या पैशांत मिळतात. फक्त सांध्यावरची जाड कड घासून टाकावी लागते आणि गोल टोक अणकुचीदार करावे लागते. घासताना पाते सारखे पाण्यात बुडवत राहावे. ते निळे पडले तर पाणी उतरले, धार राहणार नाही.

चौथी वाट मला सर्वांत प्रिय आहे: पाते विकत, मूठ घरची. स्वीडनमधील मोरा गावचे नाव सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथल्या प्रकारची नुसती पाती स्वस्तात मिळतात. त्यांची धार मात्र पात्याच्या खालच्या भागातच उतरते आणि वर बाजू सपाट राहतात. मध्ययुगीन त्रिकोणी छेद हवा तर घासावे लागते. लहान लोहारांकडून निमुळत्या देठाचे साधे पाते घेतले तर हेही काम वाचते. वाळलेल्या चेरीचा किंवा मेपलचा तुकडा घ्या, देठापेक्षा बारीक भोक पाडा. पाते ओल्या फडक्यात गुंडाळून फक्त देठ तापवा आणि तो भोकात थोडा थोडा जाळत बसवा, दरवेळी बाहेर काढा, म्हणजे अडकणार नाही. धूर होतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे. शेवटी राळ घालून ठोकून बसवा, मूठ तासून बारीक करा आणि जवसाचे तेल पाजा. एका सुट्टीच्या दिवसाचे काम आहे.

ही वाट इतिहासाला धरूनही आहे. मध्ययुगीन लंडनमध्ये एक सुरी एका हातची नसायची. पाते घडवणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, म्यान शिवणारा वेगळा, आणि कटलर हे सगळे एकत्र करून विकणारा. या कटलरांच्या संघाला पाचव्या हेन्रीने १४१६ साली सनद दिली. आज पाते एकाकडून घेऊन मूठ आपण बसवली आणि म्यान मैत्रिणीकडून शिवून घेतले, तर आपण त्या जुन्या व्यवस्थेच्याच जवळ जातो.

म्यान विसरू नका

सुरी कितीही अचूक असो, प्रेक्षकाला दिवसभर दिसते ते म्यान. आणि स्वस्त सुरीसोबत येणारे म्यान जवळजवळ नेहमीच चुकीचे असते: जाड चामडे, बाजूला शिवण, पट्टा ओवायला मागे शिवलेली पट्टी, आणि मुठीला अडकवणारे बटण. तेराव्या-चौदाव्या शतकातील लंडनची म्याने एकाच पातळ कातड्याची, मागच्या बाजूला मधोमध शिवलेली होती. मुठीचाही बराचसा भाग ती झाकून घेत. सुरी बटणाशिवाय, नुसत्या घट्टपणाने आत राही. म्यान पट्ट्याला दोरीने किंवा वादीने लोंबत असे. कातड्यावर रेघा, पाने, पशुपक्षी, ढालींची चिन्हे उठवलेली असत. म्हणजे साध्या सुरीवरची हौस म्यानावर भागवली जाई. व्हायकिंग काळासाठी मात्र कडेची शिवण चालते.

कातडे वनस्पतींच्या सालीत कमावलेले हवे. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या साली-हिरड्यांत कमावतात, तसे. क्रोमियमने कमावलेले मऊ चामडे ही एकोणिसाव्या शतकाची देणगी आहे, आणि ओले करून आकार द्यायला ते निरुपयोगी. दीड-दोन मिलिमीटरचे वासराचे कातडे भिजवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सुरीभोवती ताणा, मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने मागे शिवा आणि वाळू द्या. वाळल्यावर ते सुरीचा आकार धरते. खर्च कातड्याच्या एका तुकड्याचा. म्यान बदलले की सामान्य सुरीचेही रूप पालटते. म्हणून हाती थोडेच पैसे असतील तर मी आधी म्यान सुधारायला सांगेन.

कायद्याची बाजू

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टनुसार सार्वजनिक ठिकाणी पाते बाळगणे गुन्हा आहे. सूट आहे ती ३ इंचांपर्यंतच्या, दुमडणाऱ्या खिशातल्या चाकूला. जेवणाची मध्ययुगीन सुरी दुमडत नाही, म्हणून ती जवळ असण्याला रास्त कारण लागते. मेळाव्यात ते कारण आहे, परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबल्यावर कमरेला सुरी लटकत असेल तर नाही. ती गाडीच्या मागच्या भागात, गुंडाळून, सामानात ठेवावी. अठरा वर्षांखालील मुलांना अशी सुरी विकता येत नाही, आणि २०१९च्या ऑफेन्सिव्ह वेपन्स ॲक्टने घरपोच विक्रीत वयाची खातरजमा सक्तीची केली. जर्मनीत १२ सेंटिमीटरपेक्षा लांब, न दुमडणारे पाते सार्वजनिक जागी बाळगायला रास्त कारण लागते. हे नियम बदलत राहतात, म्हणून प्रत्येक देशात जाण्यापूर्वी ते ताजे पाहून घ्यावेत. छावणीतही शिस्त हवी: लढाईला उतरताना जेवणाची सुरी काढून ठेवावी आणि टेबलावर ती मुलांच्या हाताशी सोडून उठू नये.

किती खरे पुरे?

या छंदात अचूकतेवरून वाद होतात, आणि ते व्हावेतही. काही मंडळे हाताने घातलेला प्रत्येक टाका तपासतात. उलट 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम' सतराव्या शतकापूर्वीचा वेश करण्याचा प्रामाणिक प्रयत्न पुरेसा मानते. माझी भूमिका मधली आहे, पण ढिली नाही. सुरीचे बाह्यरूप आणि वागणे खरे हवे. घाट, माप, वजन, मूठ, म्यान, धरण्याची पद्धत, तिने केले जाणारे काम, यांत तडजोड नको. आतले पोलाद आजचे असले, भोक विजेच्या यंत्राने पाडले असले तरी चालेल, फक्त विचारणाऱ्याला ते सांगावे. प्रेक्षकाला खोटे सांगायचे नाही, ही एकच अट मी कडक मानतो. पैसे कमी असणे हा दोष नाही. पंधराव्या शतकातल्या बहुतेकांकडेही ते कमीच होते.

मग नव्या माणसाने नेमके काय करावे? आधी काळ आणि भूमिका ठरवावी. पुस्तकात किंवा संग्रहालयाच्या नोंदींत त्या काळातली एक साधी सुरी निवडावी, तिचे चित्र खिशात ठेवावे. मंडळात जुनी सुरी मिळते का पाहावे. नाहीच मिळाली तर निमुळत्या देठाचे कार्बन पोलादाचे पाते घ्यावे, फिकट लाकडाची बारीक मूठ बसवावी, पातळ कातड्याचे म्यान शिवावे. आणि मग ती सुरी काचेच्या कपाटात न ठेवता वापरावी. मेळाव्यात पाव कापावा, चीज कापावे, सफरचंद सोलावे. घरीही वापरावी. पाते पुसून त्याला तेलाचा हात द्यावा, दगडावर धार लावावी.

वर्षानुवर्षे असे केले की पाते काळवंडते, अरुंद होते, मध्ये थोडे खचते. मूठ हाताच्या तेलाने गडद होते. दहा-वीस वर्षांनी ती सुरी टेम्सच्या गाळातून वर आलेल्या सुरीशेजारी ठेवली, तर दोघींच्या आकारात साम्य दिसू लागेल. ते साम्य रोजच्या भाकरतुकड्याच्या कामाने आलेले असेल.